रिकाम्या कमानीचे छायाचित्र : पायी फिरणारे कॅमेरे आणि आपले शहर

१/
गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी छत्रपती संभाजीनगरच्या मकाई दरवाजासमोर पाऊण तास उभी होते. हातात कॅमेरा होता आणि डोक्यात एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रे. त्या छायाचित्रांतील वास्तू किती शांत, निर्मनुष्य दिसतात! मलाही तशीच रिकामी कमान हवी होती. दुचाक्या ओसरल्या की रिक्षा येई, रिक्षा गेली की दूधवाला. शेवटी कडेला चहा उकळत असलेले चाचा म्हणाले, "बेटा, खाली दरवाजे का फोटो कायकू होना?"

२/
मला उत्तर देता आले नाही. हा धागा त्या प्रश्नातून निघाला आहे. जुन्या छायाचित्रांतील शहरे रिकामी का दिसतात? ती खरोखर रिकामी होती का? कॅमेरा घेऊन पायी फिरणाऱ्या पहिल्या पिढीने काय टिपले आणि काय वगळले? हे समजून घेण्यासाठी आपण आधी अजिंठ्याला जाऊ, तेथून चीनमधील कँटन शहरात आणि मग पुन्हा आपल्या दरवाजांपाशी येऊ. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

३/
कॅमेऱ्याच्या आधी पांथस्थाच्या हाती लेखणी होती. सातव्या शतकात चिनी भिक्षू ह्यूएन त्संग भारतभर फिरला आणि इ. स. ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे महाराष्ट्रात आला. त्याने येथील माती, हवा, माणसांचा स्वभाव, राजाचे हत्तीदळ यांविषयी लिहिले. राज्याच्या पूर्वेकडील डोंगरात, अंधाऱ्या दरीत कोरलेल्या एका विहाराचेही वर्णन त्याने केले. विहाराच्या दाराबाहेर दोन्ही अंगांना दगडी हत्ती आहेत, असे तो नोंदवतो.

४/
आज अजिंठ्याच्या १६ व्या लेण्याकडे चढताना प्रवेशाशी दोन दगडी हत्ती भेटतात. विहाराचा कर्ता म्हणून ह्यूएन त्संगने ज्याचे नाव दिले, त्या अचलाचा उल्लेख २६ व्या लेण्यातील शिलालेखात सापडतो. म्हणून अभ्यासक हे वर्णन अजिंठ्याचेच मानतात. परंतु त्याने सांगितलेली सत्तर फूट उंचीची बुद्धमूर्ती तेथे नाही. शब्दांनी केलेले चित्र एका जागी नेमके जुळते आणि दुसऱ्या जागी ताणलेले असते, हे यातून दिसते.

५/
हजार वर्षांनंतरचा दुसरा पांथस्थ म्हणजे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये. औरंगाबादकडे येणाऱ्या वाटेवर त्याला संगमरवराने लादलेल्या तीनशेहून अधिक गाड्या दिसल्या. त्यांतील लहानात लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते, असे तो लिहितो. बीबी का मकबरा उभा राहत होता, तो हा काळ. मकबरा आपण सर्वांनी पाहिला आहे. ते बैल आणि ते गाडीवान मात्र या एका वाक्यापुरतेच उरले. वास्तू टिकते, वाहून आणणारा टिकत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

६/
आता कॅमेरा. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली आणि १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरायचे, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, प्रकाश द्यायचा आणि वाळण्यापूर्वीच अंधारात धुऊन काढायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर त्याहूनही लवकर, कारण काच पाहता पाहता वाळते.

७/
याचा अर्थ असा की छायाचित्रकाराला आपली अंधारखोली पाठीवर घेऊनच फिरावे लागे. तंबू, तिपाई, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि काच धुण्यासाठी पाणी. पाठ अर्थातच त्याची नसे. हमाल, बैल, घोडे हे ओझे वाहत. त्या काळच्या प्रत्येक सुंदर दृश्यामागे चौकटीबाहेर उभी असलेली ही माणसे आहेत. चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव छापले जाई. पाणी आणून देणाऱ्याचे कोणी लिहून ठेवत नसे.

८/
आपल्या जिल्ह्यातील या काळाचा नायक मेजर रॉबर्ट गिल. मद्रास सैन्यातील या अधिकाऱ्याला १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमले. अजिंठा गावातील बारादरीत राहून त्याने वर्षानुवर्षे लेण्यांत काम केले. त्याची सहचरी पारो २३ मे १८५६ रोजी वारली. तिची कबर अजिंठा गावात आहे. ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे ही कथा मराठी वाचकांना परिचित आहे.

९/
गिलने केलेली मोठी तैलचित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि जवळजवळ सारी जळून गेली. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या प्रतिकृती नव्याने केल्या. त्यांतीलही अनेक १८८५ च्या आगीत लंडनमध्ये नष्ट झाल्या. वर्षानुवर्षांचे श्रम दोनदा राख झाले. हाताने केलेली प्रतिकृती एकच असते. ती गेली की गेली.

१०/
पण गिलने १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती कॅमेराही घेतला होता. त्याचा कॅमेरा दोन भिंगांचा होता. एकाच दृश्याच्या किंचित वेगळ्या कोनांतून दोन प्रतिमा निघत आणि विशिष्ट यंत्रातून पाहिल्या की दृश्याला खोली येई. जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनासह ही छायाचित्रे १८६४ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाली. एका काचेवरून अनेक छापे काढता येत असल्याने ती अनेक ग्रंथालयांत पोहोचली, आणि म्हणून उरली. छायाचित्राचे मोल इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे कळते : ते चित्राहून श्रेष्ठ असते म्हणून नव्हे, त्याच्या प्रती असतात म्हणून.

११/
हा केवळ गोऱ्या साहेबांचा छंद होता, असे समजू नये. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या संस्थेत सक्रिय होते आणि स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे वर्ग सुरू झाले, तेव्हा तेथे शिकलेल्यांपैकी हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत नाव कमावले. तंत्र निघून पाच वर्षे होतात न होतात, तोच ते आपल्या लोकांच्या हाती आले होते.

१२/
आता येथून चीनकडे जाऊ. वाट लखनौवरून जाते. फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार १८५८ मध्ये उठावानंतरच्या भारतात आला. लखनौच्या सिकंदरबागेचे त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे : भग्न वास्तू आणि अंगणात विखुरलेली हाडे. ही हाडे चित्रासाठी बाहेर काढून मांडली होती, असे समकालीनांनी नोंदवले आहे. छायाचित्र खोटे बोलत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे चित्र एकदा पाहावे. इमारत खरी, हाडे खरी. मांडणी मात्र कॅमेऱ्यासाठी केलेली.

१३/
१८६० मध्ये बिआतो इंग्रज सैन्याबरोबर चीनला गेला. दुसरे अफूयुद्ध चालू होते. ही अफू काही प्रमाणात आपल्या दारावरून जात असे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे रवाना होई. कँटन, म्हणजे आजचे ग्वांगझौ, १८५८ च्या आरंभापासून इंग्रज-फ्रेंच सैन्याच्या ताब्यात होते. बिआतोने त्या शहराची दृश्ये टिपली. शहरात पायी फिरण्याची मोकळीक त्याला होती, कारण वेशीवर त्याच्या बाजूचे सैनिक पहारा देत होते. छायाचित्रकार कोठे उभा राहू शकतो, हे त्या वेळी सत्ता कोणाची आहे यावर ठरत असे.

१४/
त्यानंतर आठ वर्षांनी स्कॉटिश छायाचित्रकार जॉन थॉमसन हाँगकाँगला आला. १८६८ ते १८७२ या काळात तो चीनच्या किनाऱ्यावरील शहरांत आणि नद्यांच्या काठाने आतवर फिरला. १८७३-७४ मध्ये त्याने चीन आणि तेथील लोकांविषयीचा चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यात दोनशे छायाचित्रे होती. थॉमसनला वास्तूंइतकाच रस्त्याचा ध्यास होता. फेरीवाले, न्हावी, नावाडी, भविष्य सांगणारे. लोक कॅमेऱ्याला घाबरत आणि काही ठिकाणी त्याच्यावर दगडही आले, हे त्यानेच लिहून ठेवले आहे.

१५/
थॉमसनचे एक छायाचित्र मला फार आवडते. कँटनमधील औषधांच्या दुकानांची गल्ली. गल्ली इतकी अरुंद की आकाशाची पट्टीच तेवढी दिसते. दोन्ही बाजूंना उभ्या, उंच, अक्षरांनी भरलेल्या पाट्या टांगलेल्या. चिनी वाचता येणारा अभ्यासक त्या पाट्यांवरून दुकानांची नावे आणि व्यवसाय आजही वाचू शकतो. थॉमसनला कदाचित पाट्यांची शोभाच टिपायची असेल; दीडशे वर्षांनी त्या शोभेचा दस्तऐवज झाला. गुलमंडीची १८७० मधील अशी एखादी काच असती तर, हा विचार हे चित्र पाहताना दर वेळी मनात येतो.

१६/
थॉमसनच्या काळात चिनी छायाचित्रकारही काम करीत होते. हाँगकाँगमध्ये लाइ आफाँग यांचा स्टुडिओ होता. फूझौ शहर आणि परिसरावरील त्यांची छायाचित्रमाला आजही नावाजली जाते. खुद्द थॉमसनने आफाँगच्या कामाची प्रशंसा केली आहे. आपल्याच देशाकडे आपल्याच माणसाने भिंगातून पाहणे, ही गोष्ट चीनमध्ये जशी घडली तशी आपल्याकडेही घडली. आपल्या शहराच्या कथेत त्या माणसाचे नाव लाला दीनदयाळ.

१७/
दीनदयाळांकडे वळण्यापूर्वी आरंभीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देते. ओल्या काचेला दृश्य उमटवायला कित्येकदा काही सेकंद, अंधाऱ्या लेण्यात तर कित्येक मिनिटे लागत. तेवढा वेळ स्थिर राहील तेच उमटे. दगड, झाड, मुद्दाम उभा केलेला माणूस. चालता माणूस धुरासारखा अस्पष्ट होई किंवा पूर्ण नाहीसा होई. जुन्या चित्रातला रस्ता ओस दिसला, म्हणून तो ओस होता असे ठरत नाही. जे चालत होते, ते काचेने पाहिलेच नाही.

१८/
उरलेले अर्धे उत्तर शहराच्या इतिहासात आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि खापराच्या नळांतून, जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली. त्याच्या मुलाच्या काळात नाव फतेहनगर झाले, १६५३ मध्ये सुभेदार औरंगजेबाने औरंगाबाद केले. १६८० च्या दशकात शहराभोवती तट उभा राहिला. पुढे हे निजामाच्या राज्याचे मुख्य शहर झाले. पण १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला गेली आणि शहराची कळा उतरत गेली. कॅमेरा येथे पोहोचला तेव्हा अनेक वाडे आणि बागा खरोखरच ओस होत्या.

१९/
लाला दीनदयाळांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे झाला. रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकून ते इंदूरला नोकरीस लागले आणि तेथे छायाचित्रणाकडे वळले. १८८० च्या दशकात ते सहाव्या निजामाचे, महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाच्या राज्यातील दृश्यांच्या त्यांच्या मालिकेत दौलताबादचा किल्ला, वेरूळची लेणी आणि बीबी का मकबरा यांचा समावेश आहे. या मालिकेचा १८९२ चा एक अल्बम व्हाइसरॉय कर्झन यांच्या संग्रहातून आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

२०/
त्या काळी औरंगाबादला रेल्वे नव्हती. ती १९०० मध्ये आली. त्याआधी मुंबईकडून वेरूळला येणारे प्रवासी नांदगावला उतरत आणि पुढे टांगा वा बैलगाडी करीत. ओल्या काचेची जागा घेणाऱ्या कोरड्या काचा बाजारात आल्याने छायाचित्रकाराचे ओझे काहीसे हलके झाले होते, तरी काच ती काच. खडबडीत वाटेवरून शेकडो काचा सुखरूप नेणे-आणणे हे केवढे काम असेल! दीनदयाळांच्या स्टुडिओच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

२१/
दीनदयाळांची चौकट अत्यंत नेटकी आहे. वास्तू मध्यभागी, रेषा सरळ, प्रकाश मोजका. परंतु असा अल्बम कोणासाठी तयार होई, हेही पाहावे लागते. तो राज्याच्या वैभवाचा परिचय होता. व्हाइसरॉय, पाहुणे, संस्थानिक यांनी पाने उलटावीत यासाठी केलेला. त्या हेतूला मकबरा चालतो, किल्ला चालतो. हिमरू विणणाऱ्याचा माग, सराफ्यातील गर्दी, नहरीच्या हौदावर पाणी भरणाऱ्या बाया यांना तेथे प्रयोजन नसते. यात छायाचित्रकाराचा दोष नाही. हेतू बदलला की चौकट बदलते, एवढेच.

२२/
अडचण पुढे झाली. निर्मनुष्य वास्तूंची ही चित्रे पुस्तकांत, भेटकार्डांवर, पर्यटनाच्या पत्रकांत वारंवार छापली गेली आणि 'भग्न वैभवाचे शहर' अशी प्रतिमा रुळली. आपणही तीच आंधळेपणाने पुढे नेतो. संकेतस्थळावर टाकण्यासाठी मकबऱ्याचे छायाचित्र घेताना पहाटे सहाला जातो, कोणी नको म्हणून. त्या काळी माणसे गळाली ती तंत्राच्या मर्यादेमुळे आणि दरबारी हेतूमुळे. आपल्या हातात सेकंदाच्या हजाराव्या भागात दृश्य टिपणारा फोन आहे. तरी आपण माणसे गाळतो.

२३/
म्हणून मी एक सवय लावून घेतली. फोनमध्ये जुने छायाचित्र ठेवायचे आणि छायाचित्रकार जेथे उभा होता ती जागा शोधून पायी तेथवर जायचे. माझी नेहमीची वाट अशी : मकबरा, बेगमपुरा, मकाई दरवाजा, भडकल दरवाजा, सिटी चौक, गुलमंडी, पैठण दरवाजा. अंतर चार-पाच किलोमीटर, पण सकाळ सहज जाते. गाडीवरून ही वाट दिसत नाही. कोनाचा अंदाज पावलांनी येतो : दोन पावले मागे सरले की मनोरा कमानीत बसतो, एक पाऊल डावीकडे गेले की निसटतो.

२४/
मकबऱ्यापासून सुरुवात करू. प्रवेश दक्षिणेकडून आहे, म्हणजे आत येताच आपण उत्तरेकडे पाहत असतो. सकाळी ऊन उजव्या हाताने येते, दुपारनंतर डाव्या हाताने. जुन्या चित्रात मनोऱ्याची सावली कोणत्या बाजूला पडली आहे हे पाहिले, तर काच सकाळची की दुपारची हे सांगता येते. जवळ गेल्यावर दिसते की खाली काही उंचीपर्यंत आणि वर घुमटाला संगमरवर आहे, मधला भाग काळ्या दगडाचा आणि वरून चुन्याच्या गिलाव्याचा. दुरून घेतलेल्या जुन्या चित्रांत सारे एकसारखे पांढरे भासते. प्रवेशद्वारावर अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावे आहेत. ती वाचायला जवळच जावे लागते.

२५/
बेगमपुऱ्यातून खाली उतरले की खाम नदी आणि तिच्यावरचा मकाई दरवाजाचा पूल येतो. मकाई, महमूद आणि बारापुल्ला हे तिन्ही दरवाजे पुलांसह खामवर आहेत. महमूद दरवाजाला लागून पाणचक्की आणि बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा. तेथील हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. वर पाणी आणि खाली थंडावा. छायाचित्रात हौद दिसतो, पाण्याचा आवाज येत नाही आणि दालनातला गारवा तर मुळीच नाही. कॅमेऱ्याने न टिपलेल्या गोष्टी वहीत लिहून ठेवाव्या लागतात, हे मी पाणचक्कीत शिकले.

२६/
भडकल दरवाजा १६१२ चा. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने तो बांधला. इतर बहुतेक दरवाजे तटाचा भाग होते, हा मात्र तटाहून सुमारे सत्तर वर्षांनी वडील. पुढे सिटी चौकातून गुलमंडीला आले की सुपारी हनुमानाचे मंदिर, कापडाची दुकाने, सणाच्या दिवसांत पाऊल ठेवायला जागा नाही. टिळक पथाने पैठण दरवाजापाशी पोहोचलो की भोवती मोबाइलच्या दुकानांच्या चकचकीत पाट्या. थॉमसनची कँटनची गल्ली मला येथे आठवते. दीडशे वर्षांनी कोणी आपल्या या पाट्या वाचत बसेल.

२७/
येथे माझी एक चूक सांगते. पदवीच्या दुसऱ्या वर्षी मी जुन्या बाजाराच्या भागात तटाच्या एका तुकड्याचे छायाचित्र घेतले होते. तटाला टेकून एक टपरी होती, तिच्यावर हाताने रंगवलेली उर्दू-मराठी पाटी. टपरीमुळे 'दृश्य बिघडते' म्हणून मी ती कापून टाकली आणि मूळ चित्र पुसले. दोन वर्षांनी गेले तेव्हा टपरी नव्हती, पाटी नव्हती आणि तटाचा तो तुकडाही अर्धा ढासळला होता. माझ्याजवळ आता एका स्वच्छ, सुंदर भिंतीचे छायाचित्र आहे. त्यावरून ती भिंत कोणत्या गल्लीतली हे मलाही खात्रीने सांगता येत नाही.

२८/
बावन्न दरवाजांचे शहर म्हणून आपण अभिमानाने सांगतो. त्यांतील अनेक आणि तटाचा बराचसा भाग आज नाही. काही रस्तारुंदीत गेले, काही दुर्लक्षाने. जे दरवाजे उभे आहेत त्यांच्या कमानीखालून रोज हजारो वाहने जातात. उद्या एखादा दरवाजा खचला आणि दुरुस्ती करायची वेळ आली, तर कारागिराला विचारावे लागेल : कमानीच्या डाव्या खांबावर काय होते, गिलावा कोठवर होता, लगतची भिंत किती उंच होती? त्या वेळी सुंदर चित्र उपयोगी पडेल की पूर्ण चित्र, याचा विचार करावा.

२९/
म्हणून जुने छायाचित्र पाहताना पाच प्रश्न विचारावेत. कोणी घेतले? केव्हा? कोणत्या जागेवरून? कोणासाठी? आणि चौकटीबाहेर काय राहिले? अभिलेखागारात शोधताना आणखी एक पथ्य पाळावे : ज्या काळातले चित्र, त्या काळचे नाव वापरावे. १८८० चे छायाचित्र 'औरंगाबाद' या नावाखाली मिळेल, खुलताबाद 'रौझा' या नावाखाली, वेरूळ 'एलोरा' म्हणून. इंग्रजी वर्णलेखनही प्रत्येकाचे निराळे. नावे बदलत आली आहेत. शोधणाऱ्याला ती सगळी ठाऊक असावीत.

३०/
आणि स्वतः छायाचित्र घेताना? विजेच्या तारा पुसू नका. फलक कापू नका. हातगाडी चौकटीत राहू द्या. एक चित्र जवळून घ्या आणि एक इतके दुरून की शेजारची दुकाने दिसतील. तारीख, वेळ आणि कोणत्या दिशेला तोंड करून उभे होता हे लिहून ठेवा. माणसांचे चित्र घेण्यापूर्वी त्यांना विचारा. बिआतोच्या मागे पलटण उभी होती, आपल्या मागे कोणी नसावे. मूळ फाइल जपून ठेवा आणि एक प्रत दुसऱ्याला द्या. गिलची तैलचित्रे का गेली आणि छायाचित्रे का राहिली, हे वर आले आहे.

३१/
त्या सकाळी चाचांना मी शेवटी फोनवरचे जुने छायाचित्र दाखवले. त्यांनी ते बोटांनी मोठे केले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "इसमें आदमी कहाँ गए?" मी काच, रसायन, सेकंद वगैरे समजावले. ते हसले आणि उकळी आलेला चहा गाळू लागले.

मी दोन पावले मागे सरले. चौकटीत मकाई दरवाजा आला, त्यातून निघणारी रिक्षा आली, विजेच्या तारा आल्या आणि डाव्या कोपऱ्यात, त्यांना विचारून, चाचा आणि त्यांची किटली. वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली : सकाळचे ८ वाजून १० मिनिटे. तोंड पश्चिमेला.

३२/
धागा येथे संपतो. आपापल्या गावातील वेस, बारव, पार, बाजार यांचे एक तरी पूर्ण छायाचित्र या आठवड्यात पायी जाऊन घ्यावे आणि तारीख-दिशेसह खाली टाकावे, ही विनंती. घरात आजी-आजोबांच्या काळातील रस्त्याचे किंवा चौकाचे चित्र असेल, तर त्याच जागी उभे राहून नवे घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. काही चुकले असल्यास जाणकारांनी दुरुस्त करावे.